खळवाडीवर आखलेलं गाव

नलिनी कामडी सौसरला माझ्याकडे भाड्याने राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक ट्रंक, एक सायकल आणि चुन्याच्या फक्कीने अर्धा भरलेला पत्र्याचा डबा एवढंच सामान होतं. डबा पाहून मी म्हणाले, "खोलीला चुना मी लावून घेतलाय हो." ती हसली. "हा भिंतीचा नाही काकू. हा माझा खडू आहे."

तिचे वडील मोरेश्वर मास्तर लोधीखेड्याच्या शाळेत ड्रिल शिकवत. कबड्डीची आणि खो-खोची मैदानं तेच आखायचे. दोरीचं दुसरं टोक धरायला घरात ही एकटी, त्यामुळे मोकळ्या जमिनीवर सरळ रेघ कशी मारायची हे ती पाटीवर अक्षर गिरवायच्या आधी शिकली. पुढे ती ग्रामसेविका झाली. आसपासची गावं तिच्याकडे आली. बायकांना बाळंतपणाची, लसीची, धूर नसलेल्या चुलीची माहिती देणं हे तिचं सरकारी काम. पण लोक तिच्याकडे यायचे ते दुसऱ्याच कामासाठी.

कुणाला नागपूरच्या मोठ्या इस्पितळात जायचं असलं की तो आदल्या दिवशी माझ्या ओसरीवर हजर. "बाई, इस्पितळ काढून द्या." मग नलिनी माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यातून ज्वारी काढायची आणि फरशीवर भिंती उभ्या करायची. हरभऱ्याचे दाणे म्हणजे रांग. वाटी म्हणजे डॉक्टर. "हे फाटक. इथं चिठ्ठी मिळते. चिठ्ठीशिवाय पुढं गेलात तर माघारी पाठवतील. हा जिना चढायचा नाही, त्याच्या बगलेनं जायचं. चपला हातात ठेवा, बाहेर सोडल्या तर गेल्या." समोरचा माणूस बोटाने त्या ज्वारीच्या बोळांतून दोनदा फिरून यायचा, आणि मग त्याचा चेहरा सैल पडायचा. मी एकदा तिला विचारलं, तोंडी सांगून भागत नाही का? ती म्हणाली, "माणूस नव्या जागी हरवतो काकू, कारण आपण उभे कुठं आहोत तेच त्याला कळत नाही. एकदा उभं केलं की पुढचं तो स्वतः शोधतो."

१९८६ साली तिच्यासमोर इस्पितळापेक्षा मोठी गोष्ट आली. खैरटोली नावाचं तिच्या हद्दीतलं एक गाव नव्या तलावाच्या पाण्याखाली जाणार होतं. मोहगावच्या रस्त्याला लागून असलेल्या माळावर नवं गाव बसवायचं ठरलं होतं. तिथे तेव्हा पळसाची झुडपं आणि तरोटा यांच्याशिवाय काहीही नव्हतं. गाव होतं ते फक्त एका निळ्या कागदावर: चौकोनांच्या ओळी, प्रत्येक चौकोनात नंबर. कोणतं घर कोणत्या नंबरात बसणार हे गावाने आपापसात ठरवून द्यायचं होतं. नाही ठरलं तर पुनर्वसनाचे साहेब चिठ्ठ्या काढणार होते.

नकाशावर सगळी अक्षरं इंग्रजी होती म्हणून नलिनी तो माझ्याकडे घेऊन आली. मी एकेक शब्द वाचला आणि तिने पेन्सिलने मराठीत लिहून घेतला. रस्ता. रस्त्याला लागून मोकळी जागा, म्हणजे गुरं गोळा करायची आखर. आखरीमागे घरांच्या ओळी, एकामागे एक. शेवटच्या ओळीच्या पलीकडे कोरा कागद.

"हे कोणाला कळणार?" मी म्हटलं.

"कागदावर नाही कळणार," ती म्हणाली. "चालून कळेल."

ज्वारीची मळणी नुकतीच आटोपली होती. खैरटोलीची सगळी खळी गावाबाहेर एकाच मोकळ्या पट्टीत होती. त्या पट्टीला ते खळवाडी म्हणत. खळवाडीच्या खालच्या कडेने नाल्यालगत गाडीवाट होती. नलिनीने त्या गाडीवाटेवर उभं राहून हात पसरले आणि जमलेल्या लोकांना म्हणाली, "हा आपला मोहगावचा रस्ता समजा." मग तिने दोरी ताणली आणि फक्की सोडायला सुरुवात केली. दुपारपर्यंत खळवाडीवर पांढरं गाव उभं राहिलं. आधी आखर, मग घरांच्या ओळी, एकीमागे एक, वर वर चढत गेलेल्या. शाळेच्या जागी तिने पाटी ठेवली, विहिरीच्या जागी घागर.

मी त्या दिवशी बरोबर गेले होते. एवढा आनंद मी कुठल्या सरकारी कामात पाहिला नव्हता. बायका चुन्याच्या बोळांतून डोक्यावर रिकाम्या घागरी घेऊन चालत होत्या, विहीर किती लांब पडते ते पाहायला. कोणी चौकोनात बसून चुलीची जागा ठरवत होतं. एका म्हाताऱ्याने दुसऱ्याला हाक मारली, "अगा, तू माह्या भिंतीतून चालून राहिला! दारातून ये नं!"

जागा वाटताना मात्र चेहरे गंभीर झाले. पंचांमध्ये भिवाजी बाबा मुख्य. ते म्हणाले, "जुन्या गावात जे नाल्याकाठी राहिले, त्याइनं लय पाणी खाल्लं. नव्या गावात त्याइले वर बसवू. वरची ओळ त्याइची."

हे बोलताना त्यांनी अंबाबाईकडे पाहिलं. अंबाबाईचं घर नाल्याला सगळ्यांत जवळ होतं. काही वर्षांपूर्वी एका पावसात तिच्या घराची मातीची भिंत बसली आणि तिची सून तिच्याखाली गेली. तिच्या वरच्या अंगाला राहणारा शेजारी गुणवंता चिखलात उतरला होता. त्याने तिला बाहेर काढलं, पण उशीर झाला होता. त्यानंतर मुलगा वसंत कामाला नागपूरला निघून गेला. अंबाबाई बकऱ्या घेऊन तिथेच राहिली. या नव्या गावाकडून तिचं एकच मागणं होतं आणि ते ती प्रत्येकाला सांगत होती. "मले वर बसवा. दुसरं काई नको. पाणी दारात आलेलं मले आता पाहावत नाही."

गुणवंताला पण वरचीच ओळ हवी होती. तो संत्र्याचा बागायतदार, जोडीला दोन बैलजोड्या. त्याचं आणि अंबाबाईचं बोलणं बंद होतं, कारण तिच्या बकऱ्यांनी त्याची संत्र्याची कलमं खाल्ली होती. पंचांनी त्याला खाली, आखरीला लागून जागा दिली तेव्हा तो चिडला.

"बकऱ्या वर अन् बैल खाली! वा रे न्याय!"

"आखर तुह्या दाराशी येते बाबू," भिवाजी म्हणाले. "बैलाइले मोकळं."

"बैल काय मले सांगते का, मोकळं पायजे म्हणून?" असं म्हणून तो शेवटी मानला. जाता जाता अंबाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "एक बरं झालं. आता तिच्या बकऱ्या लय दूर गेल्या."

अंबाबाई वरच्या ओळीतल्या आपल्या चौकोनात जाऊन उभी राहिली. तिथून तिने खाली नाल्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग नलिनीच्या गालावरून हात फिरवून तिने बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली.

साहेबांनी अंगठे घेण्यासाठी दिवस दिला तो नव्या जागेवरच. सकाळी खुंट्या ठोकल्या जातील, दुपारी गाव येईल आणि ज्याने त्याने आपल्या खुंटीजवळ उभं राहून संमती द्यायची. निम्म्याहून जास्त घरांनी अंगठे दिले की वाटणी पक्की. नलिनी खुंट्या पाहायला लवकर निघाली. इंग्रजी नंबरांसाठी मला बरोबर घेतलं. मोहगावची एस.टी. आम्हांला माळाच्या कडेला सोडून गेली.

ओव्हरसियर हेमंत आधीच आला होता. पंचविशीतला, सौसरचाच पोरगा. मोहगावचा चिंधू नावाचा मजूर त्याच्या हाताखाली खुंट्या ठोकत होता. झुडपं नुकतीच तोडली होती, त्यामुळे माळ पहिल्यांदाच उघडा दिसत होता. नलिनी नकाशा उलगडून रस्त्यावरून आत शिरली. आखर ओलांडली, पहिली ओळ ओलांडली. मी मागून चालत होते. काही वेळाने ध्यानात आलं की चालताना मला मुळीच श्रम पडत नाहीत. पाय आपोआप पुढे पडत होते.

नलिनीची चाल मात्र हळू होत गेली. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली. अंबाबाईच्या नंबराची खुंटी लालभडक रंगवलेली होती. तिच्यापलीकडे न तोडलेली पळसाची झुडपं होती. नलिनी त्यांतल्या एका झुडपाशी गेली आणि तिने फांदीत अडकलेलं काहीतरी ओढून काढलं. वाळलेला पालापाचोळा, तुराट्या, गवताची गुंडाळी. गेल्या पावसाळ्यातल्या पाण्याने आणून अडकवलेली. ती तिच्या कमरेइतक्या उंचीवर होती.

तिने वळून रस्त्याकडे पाहिलं. रस्ता वर होता. आम्ही खाली होतो.

"चिंधू भाऊ," तिने हाक मारली, "पावसाळ्यात इथं काय असतं?"

"इथं?" चिंधूने घण खाली ठेवला. "इथं आमच्या म्हशी बसते जी. लय मजेत बसते. मानेपर्यंत."

नलिनी तिथेच खुंटीजवळ बसली. मला अजून पूर्ण उलगडा झाला नव्हता. मी म्हटलं, "अगं, काय झालं?"

"काकू, खळवाडी नाल्याकडून वर चढते ना?"

"हो."

"मी नाल्याकडच्या गाडीवाटेला रस्ता म्हटलं. म्हणून शेवटची ओळ वर गेली. इथं रस्ताच वर आहे." तिने हातातला पालापाचोळा चुरगाळला. "ज्यांना वर बसवायचं म्हणून गावानं एवढं केलं, त्यांनाच मी पाण्यात बसवलं."

हेमंत तोवर जवळ आला होता. त्याने ऐकलं. मग हळू आवाजात म्हणाला, "उंच-सखलपणाचा कागद वेगळा असतो ताई. तो ऑफिसात आहे. गावाला फक्त प्लाटांचा देतात."

"मग तो दाखवला का नाही?"

"कोणी मागितलाच नाही." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "हे पाहा, आज काही बोलू नका. अंगठे होऊन जाऊ द्या. मागून मी इथं नाली खोदायचं एस्टिमेट टाकतो. आज मोडलं तर साहेब चिठ्ठ्या काढतील, गाव फुटेल, आणि तुमच्यावर रिपोर्ट जाईल. तुमची नोकरी अजून पक्की नाही ना?"

"नाही."

"मग?"

नलिनी उठली आणि रस्त्याच्या दिशेने चढू लागली. मी तिच्या मागे. ती मधूनच थांबायची, पायाखाली पाहायची, पुन्हा चालायची. रस्त्यावर पोचलो तेव्हा लांबून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

गाव नटून आलं होतं. गाड्यांमध्ये बायका, पोरं, हळदीकुंकवाच्या डब्या. गुणवंताची बायको मंगला सगळ्यांत पुढच्या गाडीत. अंबाबाई शेवटच्या गाडीतून उतरली. तिच्या कडेवर डालड्याच्या डब्यात लावलेली तुळस होती आणि मागे दोरीला बांधलेली एक बकरी. "बाकीच्या शेजारणीपाशी ठेवल्या," ती म्हणाली. "हिले आणलं. घर दाखवाले. पोरी, कोठी आहे माही खुंटी?"

आणि ती चालू लागली. उतारावरून, तुळस सांभाळत.

"आजी, थांबा," नलिनी म्हणाली. तिचा आवाज एवढा कोरडा होता की सगळेच थांबले. "कोणीच पुढं जाऊ नका. आधी मी सांगते ते ऐका."

तिने आडवळण घेतलं नाही. खळवाडी कशी चढते आणि हा माळ कसा उतरतो, ते तिने हाताने दाखवलं. वर म्हणून जी ओळ दिली ती इथे सगळ्यांत खाली आहे. तिथल्या झुडपांत कमरेएवढ्या उंचीवर पाण्याने आणलेला पालापाचोळा अडकलेला आहे. "ही माझी चूक आहे. कागद जमिनीवर आखताना मी फक्त रेघा पाहिल्या," ती म्हणाली.

मग भिवाजी बाबांनी काठी जमिनीवर टेकवली.

"बाई, तुमी रेघा मारल्या. आमी जमीन पायली. आमी बगिच्याले पाणी देणारी माणसं. पाय ठेवला की पाट कोठून न्यावा ते आमाले कळते. आमी तुमचं गाव पाहूनच नव्हतो राहिलो, आमी खळवाडी पाहून राहिलो होतो." त्यांचा आवाज चढला. "म्हणून तं इश्वास बसला नं! चुना खोटा वाटला असता तं कोणी अंगठा देतो म्हणलं असतं का?"

"मास्तरच्या पोरीनं कबड्डीचं मैदान आखलं," मागून कोणीतरी ओरडलं. "खेळा आता चिखलात!"

काही जण हसले. ते हसणं चांगलं नव्हतं.

गुणवंता मात्र खरंच हसत होता. तो रस्त्याकडच्या अंगाला, आखरीमागच्या आपल्या खुंटीपाशी जाऊन उभा राहिला होता. "घ्या! मले खाली ढकललं होतं नं पंचाइनं? देवानं वर आणून बसवलं. आता कोणी म्हणू नका सोड म्हणून. माहा नंबर कागदावर आहे."

आणि त्याचं बोलणं खोटं नव्हतं. नलिनीने माझ्याकडे पाहिलं, तिलाही तेच दिसलं होतं. पुढच्या ओळींतली घरं मिळून निम्म्याहून जास्त होती. त्यांनी अंगठे दिले की वाटणी पक्की होणार होती, शेवटच्या ओळीला कोणी विचारण्याची गरज नव्हती.

"एक तोड आहे," नलिनी म्हणाली. "आखर खाली न्यायची. गुरं पावसाळ्यात वर बांधता येतात, उन्हाळ्यात खाली बसतील. शेवटची ओळ उचलून वर रस्त्याला आणायची, आखरीच्या जागी. साहेबांनी नकाशात एवढाच बदल करायचा. कोणाचा शेजार मोडत नाही."

"माहा मोडते!" गुणवंता म्हणाला. "आखर माह्या दाराशी म्हणून मी मानलो होतो. आता माह्या दारासमोर कोण येईल? हे!" त्याने अंबाबाईकडे बोट केलं. "हिच्या बकऱ्यांसंगं!"

अंबाबाईने तुळशीचा डबा खाली ठेवला. ती उतारावर, रस्ता आणि आपली खुंटी यांच्या मधोमध उभी होती. "बराबर आहे त्याचं," ती म्हणाली. "त्याचे बैल आहे. मले काय, मी म्हातारी. किती पावसाळे आता? बसते मी खाली."

"हे पाय म्हातारे, हे असं बोलाचं काम नाही," गुणवंता एकदम तडकला. "भांडाचं असन तं भांड. मराच्या गोष्टी नको सांगू."

"मग काय करू? नाचू?"

मंगला गाडीतून उतरून नवऱ्याजवळ आली. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. त्याने मान झटकली आणि दुसरीकडे पाहू लागला.

तेवढ्यात मोहगावच्या बाजूने धूळ उठली. साहेबांची जीप.

साहेब भोपाळकडचे. घाईत होते. जीपच्या बॉनेटवर कागद पसरून त्यांनी शाईचा पॅड उघडला. नलिनीने पुढे होऊन सगळं सांगितलं. ऐकत असताना त्यांनी घड्याळ पाहिलं.

"नक्शा मंज़ूर है," ते म्हणाले. "आखर जहाँ है वहीं रहेगी। बारिश से पहले गाँव ख़ाली होना है। मैं एक-एक झाड़ी देखकर नक्शा नहीं बदलूँगा।"

"साहब, एक बार नीचे चलकर देख लीजिए."

"देखने से क्या होगा? पानी तो बरसात में सब जगह आता है।" त्यांनी हेमंतकडे वळून विचारलं, "लेवल ली थी न?"

हेमंतचा चेहरा पांढरा पडला. त्याच्याही नोकरीचा प्रश्न होता. त्याने नलिनीकडे पाहिलं, मग बुटांकडे. "ली थी सर. शेवटची ओळ, मतलब आख़िरी लाइन, सबसे नीचे है."

साहेबांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यांचे ओठ घट्ट मिटले. "ठीक है। जिसको मंज़ूर है वो अँगूठा लगाए। नहीं तो अभी चिट्ठी डालूँगा।" त्यांनी यादीतलं पहिलं नाव वाचलं. ते गुणवंताचं होतं.

गुणवंता पुढे गेला. मला त्या क्षणी कुठे पाहावं तेच समजेना. नलिनीने फक्कीचा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. गुणवंताच्या पाठीमागे पुढच्या ओळींतले सगळे एकमेकांकडे पाहत होते. गुणवंताने अंगठा दिला की बाकीचे देणार हे उघड होतं. त्याने अंगठा शाईवर टेकवला. उचलला. शाई ओली होती. तो कागदावर वाकला आणि तसाच थांबला.

मग त्याने वळून उतारावर पाहिलं. अंबाबाई हातात दोरी घेऊन उभी होती. बकरी शेवटच्या ओळीकडचं हिरवं पाहून तिला तिकडे, खाली ओढत होती.

गुणवंताने अंगठा आपल्या धोतराला पुसला.

"पहिले आखर खाली, मंग अंगठा," तो म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्हारा प्लाट तो सबसे अच्छा है। तुम्हें क्या तकलीफ़ है?"

"काई तकलीफ नाही साहेब. पण माह्या दारासमोर या म्हातारीच्या बकऱ्या पायजे. सकाळी उठून कोणाले शिव्या देऊ मी? सवय झाली नं."

लोक हसले. या वेळी ते हसणं वेगळं होतं. अंबाबाई हसली नाही. ती एवढंच म्हणाली, "माह्या बकऱ्याइले नाव नको ठेवू."

साहेबांनी दुसरं नाव वाचलं. तो माणूस जागचा हलला नाही. तिसरं वाचलं. मंगला मोठ्याने म्हणाली, "ते पाणी प्याले गेले." मग चिठ्ठ्यांसाठी साहेबांनी टोपी मागितली, तर एवढ्या गर्दीत कोणाच्या डोक्यावर टोपी दिसेना. सगळ्यांनी त्या खिशात घातल्या होत्या. साहेबांनी कागद गुंडाळले. जाताना ते नलिनीला एवढंच म्हणाले, "आपने अच्छा नहीं किया।" जीप निघून गेली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. साहेब पोलीस घेऊन येतील अशी एक बातमी, चिठ्ठ्या ऑफिसातच काढून टाकल्या अशी दुसरी. नलिनी रोज सायकलवर खैरटोलीला जाऊन येत होती आणि संध्याकाळी जेवणाचं ताट तसंच ठेवून उठत होती. भिवाजी बाबा तिच्याशी बोलत नव्हते. एक दिवस मी तिला म्हटलं, जामसांवलीला मारुतीला जाऊन ये, जिवाला बरं वाटेल. ती म्हणाली, "जाईन काकू. आखर खाली गेली की जाईन. आत्ता गेले तर त्याच्याकडे तेच मागीन, आणि ते काम त्याचं नाही, माझं होतं."

शेवटी हेमंत आला. ओसरीवर उभं राहूनच त्याने नळकांड्यातून नवा निळा कागद काढला. आखर शेवटी गेली होती. रस्त्याला लागून नवी ओळ होती. त्याच्या काखेत दुसराही एक कागद होता, लेव्हलचा. "हा पण गावाला द्या," तो म्हणाला. "या वेळी मागायची वाट पाहत नाही." साहेबांनी नकाशा का बदलला हे कधी कळलं नाही. गाव रिकामं झाल्याशिवाय तलाव भरता येणार नव्हता, एवढं मात्र त्यांनाही ठाऊक होतं.

नलिनीला मेमो मिळाला आणि पाठोपाठ बदलीचा हुकूम: पांढुर्णा. ट्रंक आणि डबा सायकलला बांधून ती माझ्या अंगणातून निघाली. पांढुर्ण्यालाही तिने पुढे पुष्कळ काही आखलं, नव्या शाळेची इमारत, बाजाराची नवी जागा. लोक तिला बोलावून नेत. मी एकदा तिच्याकडे गेले होते तेव्हा बायका चुना खाली पडायची वाट पाहत उभ्या होत्या आणि ही तांब्या घेऊन मैदानाच्या मधोमध पाणी ओतत होती. ओघळ कुठे जातो ते पाहून तिने आपली जागा बदलली, नकाशा हातात फिरवला, पुन्हा पाणी ओतलं. "बाई, हे काय पूजा करून राहिल्या?" कोणीतरी विचारलं. ती म्हणाली, "हो. आधी हीच." मग दोरी ताणली.

नव्या खैरटोलीला ती आणि मी एकदाच बरोबर गेलो. पावसाळा उलटून गेला होता. रस्त्यावर उतरलो तो समोरच अंबाबाईचं घर. तिच्या आणि गुणवंताच्या दाराच्या मधे जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी वाट. गुणवंता बाजेवर बसून विडी ओढत होता. आम्हांला पाहून म्हणाला, "या बाई. पाहा तुमचं गाव. सकाळीच दोन कलमं खाल्ली तिनं."

"दोन नाही, एक," आतून अंबाबाईचा आवाज आला. "दुसरं तुह्या बैलानं खाल्लं."

ती तांब्या घेऊन बाहेर आली. डालड्याच्या डब्यातली तुळस आता ओट्यावर मातीच्या वृंदावनात होती. तिने पाणी घातलं. जास्तीचं पाणी ओट्यावरून खाली उतरलं, दाराला वळसा घालून गल्लीच्या कडेला लागलं आणि घरांच्या ओळींमधून उतारावर निघालं. अंबाबाई कधीच आत गेली होती, चहा ठेवायला. नलिनी मात्र तो ओघळ पाहत उभी राहिली. तो पार खाली, जिथे मोकळ्या आखरीत चिंधूच्या गावच्या म्हशी अजून सवयीने येऊन बसत, तिथे पोचून दिसेनासा होईस्तोवर.